मिस लिलीचे गाल सुजले तेव्हा

आमच्या घरातल्या मुलीनं घोड्यावर बसायचं नाही, असा आप्पांचा नियम होता. आप्पा म्हणजे माझे वडील. नियम तसा चांगलाच. अडचण एवढीच होती की आमचं घर म्हणजे सर्कशीचा तंबू, आणि त्या सर्कशीत वाघ म्हातारा, विदूषक दमेकरी. बघण्यासारखं जे काही होतं ते घोड्यावरच होतं. आप्पांच्या बहिणीनं, माझ्या आत्यानं, तरुणपणी घोड्यावर कामं केली होती. तिचं लग्न शेवटपर्यंत जमलं नाही, आणि गावच्या भावकीनं एका लग्नात आप्पांना जेवणाच्या पंगतीतून उठवलं. अर्धी पोळी पानात टाकून उठावं लागलं, ते त्यांना जन्मभर लागलं. मी जन्मले तेव्हा बाळंतिणीच्या राहुटीबाहेर उभं राहूनच त्यांनी सांगितलं म्हणे, की ही पोरगी रिंगणात जायची न्हाय, हिला शेतकऱ्याच्या घरात द्यायची.

म्हणून घोड्यावर माझा भाऊ दत्तू बसायचा. माझ्याहून दीड वर्षानं मोठा, मोठ्या डोळ्यांचा, नाजूक हाडाचा. पण लोकांना घोड्यावर बाई बघायची असते, हे आप्पांना धंद्यापायी पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दत्तूला गुलाबी झालरीचा फ्रॉक घातला, पिसाची टोपी दिली आणि नाव ठेवलं मिस लिली. यात फसवाफसवी नव्हती. जाहिरातीच्या फलकावर सरळ लिहिलेलं असे, ‘पुरुष असून हुबेहूब स्त्री’. त्या काळी नाटकातली बाईसुद्धा पुरुषच असायची, आणि चांगल्या घरच्या बायका तिच्याकडे बघून लुगडं कसं नेसावं ते शिकायच्या. बाईनं बाई असण्यात कुणाला काय कौतुक? बाप्यानं बाई होणं, ही कला होती.

आणि दत्तूला ती कला होती, हे मला मान्य करायलाच हवं. रिंगणात शिरताना तो एक रुमाल असा काही खाली टाकायचा की पुढच्या रांगेतले चार जण उचलायला धावायचे. फ्रॉकवरच्या टिकल्या तो स्वतः शिवायचा. घोड्यावर मात्र तो बेतानंच उभा राहायचा. दोन फेऱ्या, कागद ताणून लावलेलं एक कडं फोडायचं, एक उडी, की खाली. लोक त्याच्या पापण्यांकडे बघत, म्हणून गुडघे थरथरताना कुणाला दिसायचे नाहीत. मला दिसायचे, कारण ती घोडी मी शिकवलेली होती.

पावसाळ्याचे महिने आमचा मुक्काम निपाणीला, एका जैन शेटजींच्या तंबाखूच्या वखारीत. वखार रिकामी असली तरी भिंतींतून तंबाखूचा उग्र वास यायचा आणि पहिले आठ दिवस घोडी नुसती शिंकत राहायची. शेटजींची एकच अट होती, आवारात मांस शिजायचं नाही आणि यायचंही नाही. त्यामुळे आमचा वाघ ओढ्यापलीकडे एका खाटकाच्या परड्यात राहायचा आणि आमच्यापेक्षा चांगला जेवायचा. शेटजी आमच्याशी मराठीत बोलत आणि घोड्यांशी कानडीत. घोडी त्यांचं जास्त ऐकत. पहाटे वखारीमागच्या आवारात घोड्यांना फिरवून आणायचं काम माझं होतं. ‘सकाळच्या पारी कोन बगतंय?’ असं आप्पाच म्हणाले होते. हरणी नावाची पांढरी घोडी, ती शिंगरू असल्यापासून मी धरलेली. पाय घसरू नये म्हणून तिच्या पाठीवर राळेची पूड चोळायची, अनवाणी उभं राहायचं आणि तबडक तबडक अशा एका लयीत तिला गोल सोडायचं. पुढं पुढं मी लगामही काढून टाकला. गुडघा जरा दाबला की ती वळायची. तासाभरानं घामाघूम होऊन मी आत यावं, तर दत्तू चुलीपुढं बसून भाकरी थापत असायचा. त्याच्या भाकरीला असा पापुद्रा सुटायचा की आई म्हणायची, ‘हात हाय का काय हाय!’ मग तो हिरव्या मिरचीचा खर्डा वाटायचा, मला वाढायचा आणि विचारायचा, ‘आज हरणी खुशीत हाय न्हवं? मला पाडायची न्हाय न्हवं?’

हे सगळं माझी नात लिहून घेते आहे. ती शाळेत मास्तरीण आहे, माझी भाषा नीट करून लिहिते. मघाशी तिनं लेखणी थांबवली आणि म्हणाली, आजी, तुमच्या घरात सगळं उलटंच होतं की. मी म्हटलं, उलटं नव्हतं बाई. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त नावं चुकीची लागली होती.

मला सतरावं लागलं त्या वर्षी दिवाळीनंतर तंबू बेळगावात पडला. खडेबाजाराच्या पलीकडे, कॅम्पच्या वाटेवरच्या माळावर. एका बाजूनं गावातली माणसं यायची, दुसऱ्या बाजूनं गोरे सोल्जर. आईचा एक चुलतभाऊ येळ्ळूरला असायचा, रामूमामा. त्यानं माझ्यासाठी स्थळ आणलं. तुळसाआक्का म्हणून एक विधवा बाई, भाताची चांगली शेती, एक मुलगा परशराम, एक मुलगी. रामूमामानं त्यांना सांगून ठेवलं होतं, ‘पोरगी सर्कशीतली असली तरी घोड्याजवळ जात न्हाय. घोड्याला बघून भेती.’ आप्पांना हे फार आवडलं. इतकं की दोन दिवस ते मला घोड्यांच्या राहुटीकडे फिरकू देईनात, आधीपासून सवय असलेली बरी म्हणून.

ठरलं असं, की येळ्ळूरच्या मंडळींनी शनिवारी गाडी जुंपून यायचं, दुपारचा खेळ बघायचा, मग आमच्या राहुटीत मुलगी बघायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायचं. त्याच खेळाला कॅम्पातले साहेबलोकही येणार होते. शुक्रवारी दत्तूचं अंग तापलं. शनिवारी सकाळी तो उठून बसला तेव्हा त्याच्या मानेचा पत्ताच नव्हता. गालफुगी झाली होती, दोन्ही बाजूंनी. चेहरा असा झाला होता की जणू कुणी मिस लिलीला गिळून वर पाणी प्यालं होतं. आईनं गेरू आणि सुंठीचा लेप लावला, डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलं आणि आप्पांना हाक मारली.

आप्पांनी त्याचा चेहरा इकडून तिकडून वळवून बघितला. मग म्हणाले, ‘पावडर जरा जास्त लावली तर?’

‘पावडर कशाला, पोतं घाला तोंडावर,’ आई म्हणाली. ‘पोराला हुबं ऱ्हाता येईना.’

‘मग घोड्यावर कोन जातंय? समदा गाव मिस लिलीसाठी येनार. साहेब येनार.’

 आईनं फक्त माझ्याकडे पाहिलं. आप्पांनीही पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

‘न्हाय,’ ते म्हणाले. ‘येळ्ळूरची मानसं समोर बसनार. हिला बघायला येनार ती.’

‘म्हनूनच की,’ आई शांतपणे म्हणाली. ‘त्यांस्नी काय सांगितलंय? लिली म्हंजे दत्तू. बाप्या हाय म्हनून ठावं असल्यावर पोरगी कोन बगतंय तिच्यात?’

आमच्या घरात सर्कस आप्पा चालवत असत, पण आप्पांना कोण चालवायचं ते त्या दिवशी मला कळलं. ते राहुटीबाहेर गेले, दोन विड्या ओढल्या आणि आत येऊन म्हणाले, ‘दोन फेऱ्या, एक कडं, एक उडी. दत्तू करतो तेवढंच. जास्तीचं काय केलंस तर याद राख.’

मला फ्रॉक चढवला तो दत्तूनंच. तोंड उघडत नव्हतं, दात न उघडता बोलत होता. ‘अशी चालू नगंस गं, नांगऱ्यागत. पावलं जवळ टाक. मान तिरकी. हां. आता रुमाल टाक.’ मी रुमाल टाकला. ‘ह्यो रुमाल टाकला का जनावराला वैरन टाकली? चंद्रे, तू जन्मात बाई झाली न्हाईस बग.’ ताप अंगात असूनही त्यानं मला तीनदा चालायला लावलं. शेवटी कंटाळून उशीवर पडला आणि म्हणाला, ‘जा. बसल्यावर कोन चाल बगतंय?’

रिंगणात शिरले तेव्हा रुमाल टाकायचा मी विसरले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्याचं फार झालं. आत भुशाचा वास, कंदिलांच्या तेलाचा वास, आणि बॅण्डचा कॉर्नेट इतका जवळ की छातीत वाजावा. हरणीनं मला ओळखलं. तिला फ्रॉकशी काही देणंघेणं नव्हतं. पहिली फेरी मी आप्पांच्या हुकमानं केली. दुसऱ्या फेरीला कागदी कडं फोडून परत तिच्या पाठीवर आले, आणि तिथं थांबायचं होतं. पण निपाणीच्या त्या आवारात पहाटेच्या धुक्यात जे मी रोज एकटीनं करत होते, ते पायांना थांबवता आलं नाही. मी वाकून लगाम सोडवला आणि बाहेर फेकून दिला. हरणी भरधाव सुटली. मी एका पायावर उभी राहिले, मग पाठमोरी झाले. बॅण्ड मागं पडला, मग धापा टाकत आमच्याबरोबर आला. लोकांची शिट्टी वाजेना. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मग कळलं की ते श्वास धरून बसले होते. त्या एवढ्या वेळात मला कुणाचीही भीती वाटली नाही, आप्पांचीसुद्धा, आणि आता ऐंशीच्या घरात तो वेळ आठवला की माझे तळपाय गरम होतात. डॉक्टर म्हणतो, रक्तदाब आहे.

मी खाली उडी मारली आणि तंबू कोसळावा तसा गलका झाला. ‘वा रं पठ्ठ्या!’ ‘वा रं वाघा!’ आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांनी मला शाबासकी दिली, आणि त्यातली एकही मला नव्हती.

अर्ध्या तासात आईनं खोबरेल तेलानं माझा चेहरा खरवडून काढला, हिरवं लुगडं नेसवलं आणि मला पाटावर बसवलं. समोर तुळसाआक्का. उंच, काळीसावळी, कोरडी बाई. बाजूला परशराम, जमिनीकडे बघत. आम्ही बेळगावच्या मिठाईची, कुंद्याची बशी पुढं ठेवली. दत्तू कनातीपलीकडे पडला होता.

‘तुमचा पोरगा लई भारी हो घोड्यावर,’ तुळसाआक्का आप्पांना म्हणाल्या. ‘जीव टांगला आमचा. पन खरं सांगू? बाई म्हनून न्हाय पटला.’

‘न्हाय पटला?’ आप्पांचा आवाज बारीक झाला.

‘न्हाय. बाई कदी अशी छाती काडून हुबी ऱ्हाती व्हय? आन् चाल बगा की. बाप्या तो बाप्याच. गेल्या साली बगितलं तवा बरा हुता. रुमाल बिमाल टाकत हुता.’

आई पदराआड खोकली. मग तुळसाआक्कांनी माझे हात हातात घेतले आणि तळवे उलटे करून बघितले. लगामाचे घट्टे होते.

‘जात्याचं हायेत,’ आई म्हणाली.

‘ऱ्हाऊ देत की. हात असंच असावंत,’ तुळसाआक्का खूश झाल्या. मला चालायला लावलं. माझ्या मांड्या अशा भरून आल्या होत्या की मी कोंबडीसारखी तुरुतुरु चालले. त्यांनी ते लाजणं समजलं. सगळं जमल्यात होतं. आप्पांच्या चेहऱ्यावर तर पंगतीचं ताट वाढल्यासारखं तेज आलं होतं. तेवढ्यात तुळसाआक्का म्हणाल्या, ‘आता तुमचा पोरगाबी दावा की. आमची धाकली हाय. साटंलोटं झालं तर बरं.’

‘दमलाय, निजलाय,’ आप्पा म्हणाले.

‘निजू दे. लांबनंच बगायचं,’ असं म्हणत त्या उठल्या आणि कुणी हलायच्या आत कनात वर केली.

दत्तू फडकं बांधून बसला होता. गालांवरचा लेप वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. खेळ संपल्यावर लावलेला लेप इतक्यात असा वाळत नाही, हे शेती करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तुळसाआक्कांनी तो लेप नीट बघितला. मग कनात सोडली, परत येऊन माझ्यासमोर बसल्या, आणि माझ्या कानामागं बोट फिरवलं. बोटाला पांढरी पावडर लागली.

‘कोन हुतं गं घोड्यावर?’

आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती विनवणी होती. दत्तू होता, ताप नंतर आला, एवढं म्हटलं असतं तर कदाचित निभलं असतं. पण त्या टाळ्या अजून माझ्या कानांत होत्या, आणि त्या दुसऱ्याच्या नावावर जाताना मी एकदा बघितल्या होत्या.

‘मी हुतो,’ मी म्हणाले. आमच्याकडे बायका असंच बोलतात. नात इथं ‘होते’ लिहू का म्हणून विचारते. राहू दे.

 तुळसाआक्कांनी बोटाची पावडर पदराला पुसली आणि उठल्या. निघताना परशरामनं पहिल्यांदा मान वर केली आणि मला विचारलं, ‘लगाम न्हाय, मग ती वळती कशी?’

‘गुडघ्यानं,’ मी म्हटलं.

‘असं व्हय,’ तो म्हणाला आणि आईमागून निघून गेला. आमचं दोघांचं आयुष्यातलं बोलणं तेवढंच.

आप्पांनी मला मारलं नाही. ते जेवले नाहीत. आठ दिवसांनी रामूमामा निरोप घेऊन आला. निरोप इतका चमत्कारिक होता की त्यानं आधी पाणी मागितलं. ‘घोड्यावरची सून नको म्हंत्यात,’ तो म्हणाला. ‘पन पोरगा द्या म्हंत्यात. धाकलीला. घरजावई म्हनून. भाकरी करतो, गुनाचा हाय, घोड्यावरनं उतरून शेतात यायला तयार असला तर झालं.’ घोड्यावरून उतरलेला जावई चालत होता, घोड्यावर चढलेली सून चालत नव्हती. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. लग्न येळ्ळूरला झालं. व्याह्यांच्या मानाच्या पंगतीत आप्पा बसले, दोनदा आमटी मागून घेतली आणि सावकाश जेवले.

दत्तू जायच्या आदल्या दिवशी कपड्यांची पेटी घेऊन माझ्याकडे आला. आता मिस लिली मीच होणार, हे न बोलता ठरलं होतं. दुसरं कोणी नव्हतंच. एकेक फ्रॉक झटकून त्यानं मला दाखवला, कुठं टाके कच्चे आहेत ते सांगितलं. मला इतका आनंद झाला होता की मी बडबडत होते. म्हटलं, ‘सुटलास बाबा एकदाचा. रोज भेत हुतास न्हवं घोड्याला?’

‘घोड्याला भेत हुतो,’ तो म्हणाला. ‘लिलीला न्हवं.’ टोपीवरचं पीस त्यानं बोटानं सरळ केलं. ‘मला कुनी इचारलंच न्हाय, चंद्रे.’

मीही विचारलं नाही. टोपी घेतली आणि पेटीत ठेवली. येळ्ळूरला तो चांगला शेतकरी झाला, चार मुलांचा बाप झाला, आणि सासरच्या अब्रूसाठी त्यानं पुन्हा कधी बाईचं सोंग घेतलं नाही. सगळ्यांनी म्हटलं, पोराचं कल्याण झालं. मीही तेच म्हणत आले. फक्त हे सांगताना जीभ जरा अडखळते.

फलक मात्र आप्पांनी बदलला नाही. ‘पुरुष असून हुबेहूब स्त्री’. मी त्या फलकाखाली वर्षानुवर्षं घोड्यावर उभी राहिले. कॉर्नेट वाजवणाऱ्या शंकरशी माझं लग्न झालं, तरी फलक तोच. लोक म्हणत, पूर्वीची लिली जास्त बायकी होती. एकदा बेळगावच्या मुक्कामात बायकांच्या बाजूला भांडण जुंपलं. येळ्ळूरचीच एक बाई छातीठोक म्हणत होती की ही लिली बाईच आहे, मनगट बघा. तेव्हा तुळसाआक्का उठून उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. ‘बाप्या हाय!’ त्या ओरडल्या. ‘आमच्या जावयाचा सख्खा भाऊ हाय. देवाशप्पत सांगतो. व्याह्यांच्या घरची बाई अशी घोड्यावर नाचंल व्हय?’ भांडण तिथंच मिटलं. मी हरणीच्या पोरीवर उभी होते, सगळं ऐकत होते, आणि हसू दाबताना तोल जायची वेळ आली.

खेळ संपल्यावर त्या माझ्या राहुटीत आल्या. आत येताच दाराचा पडदा ओढून घेतला, बाहेर कुणी आहे का बघितलं आणि पदराखालून नव्या भाताच्या तांदळाचं गाठोडं काढलं. ‘बस,’ म्हणाल्या. मी फ्रॉकातच पाटावर बसले. त्यांना पदर नसलेल्या बाईची ओटी भरायची कशी ते सुचेना. शेवटी मी झालरीचा घेर दोन्ही हातांनी पसरला. त्यांनी तांदूळ घातले, खोबऱ्याची वाटी ठेवली आणि कपाळाला कुंकू लावलं. स्वतः विधवा असल्यामुळे बोट टेकवताना त्या थबकल्या होत्या. मग म्हणाल्या, ‘दुसरं कोन लावनार तुला? तू बाई हाईस हे आज आलेल्या बायकांत मलाच तेवढं ठावं.’

बाहेर दुसऱ्या खेळाची घंटा झाली. मिस लिलीच्या कपाळावर कुंकू चालणार नव्हतं. तुळसाआक्कांनी पुसायला पदर उचलला आणि त्यांचा हात तसाच राहिला. सवाष्णीचं कुंकू कसं पुसायचं?  मग मी तांदूळ खेळ संपेपर्यंत सांभाळायला त्यांच्या ओच्यात ठेवले, टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली आणि रिंगणात गेले.